फुलांचे खोरे कोणी शोधले?



परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या वस्तीत घरोघरी सामान्यज्ञानाची पुस्तके उघडतात. मुले मोठ्याने प्रश्न वाचतात आणि आई भाकरी थापता थापता उत्तर बरोबर की चूक ते पाहते. या पुस्तकांत एक प्रश्न हमखास भेटतो : ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा शोध कोणी लावला?’ उत्तर छापलेले असते : ‘फ्रँक स्माइथ, १९३१.’ मुलगा उत्तर पाठ करतो, एक गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आपण मात्र आज याच प्रश्नापाशी थोडे थांबू. उत्तर परीक्षेपुरते बरोबर आहे, पण ते पूर्ण खरे आहे काय? ते तपासायचे तर आधी ते खोरे पाहिले पाहिजे. चला तर, घरबसल्या हिमालयात जाऊ.

फुलांचे हे खोरे उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात आहे. हरिद्वारपर्यंत रेल्वे जाते. तिथून हृषीकेशमार्गे जोशीमठ आणि जोशीमठाहून बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट. गोविंदघाटला अलकनंदा नदी ओलांडली की पुलना गावापर्यंत गाडी जाते. पुढे सगळी पायपीट. चढ चढून घांघरिया या मुक्कामाच्या ठिकाणी पोचावे लागते. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटरवर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे जिथे मुक्काम करायचा तीच जागा कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच! तिथून एक वाट शिखांच्या हेमकुंड साहिब या तीर्थाकडे जाते आणि दुसरी वाट फुलांच्या खोऱ्याकडे.

खोऱ्यातून पुष्पावती नदी वाहते. ती टिपरा हिमनदीच्या बर्फातून निघते. चारी बाजूंना बर्फाचे डोंगर, मधोमध नदी आणि दोन्ही काठांवर गवताचे उतार. हिवाळ्यात हे सगळे बर्फाखाली गाडलेले असते. मे-जूनमध्ये बर्फ वितळू लागतो, की लगेच मातीतून कोंब वर येतात. जूनमध्ये प्रिम्युलाची छोटी फुले येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाबरोबर अख्खे खोरे रंगते. सप्टेंबर सरता सरता पाने पिवळी-तांबडी होतात आणि मग पुन्हा बर्फ. बारा महिन्यांतले जेमतेम चार महिने झाडांच्या वाट्याला येतात. तेवढ्यात उगवायचे, फुलायचे आणि बी धरायचे. बहुतेक झाडे आपले कंद आणि मुळे जमिनीत जिवंत ठेवून बर्फाचे दिवस काढतात. अडचणीच्या काळात कसे तगून राहावे हे कष्टकऱ्याला वेगळे सांगायला नको!

वनस्पतिशास्त्रज्ञ चंद्रप्रकाश काला यांनी १९९० च्या दशकात या खोऱ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि उंच पर्वतावर वाढणाऱ्या सुमारे ५२० वनस्पतींची नोंद केली. त्यातली काही नावे आपल्या घरात ऐकलेली आहेत. आपला तेरडा घ्या. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण म्हणतो, त्या तेरड्याचा पुरुषभर उंचीचा डोंगरी भाऊबंद तिथे ऑगस्टमध्ये उतारच्या उतार गुलाबी करून टाकतो. बाळगुटीत आजी जे अतिविष उगाळते, तेही असल्याच उंच हिमालयात वाढणाऱ्या एका झाडाचे मूळ आहे. कडू कुटकीही तिथलीच. काष्ठौषधीच्या दुकानात ही मुळे पुडीत बांधून मिळतात, पण ती कुठल्या डोंगरातून कोणी खणून आणली हे आपण विचारत नाही. बेसुमार खणल्यामुळे ही झाडे आज दुर्मिळ होत चालली आहेत.

आता ब्रह्मकमळाचे पाहा. आपल्याकडे कुंडीत लावलेले एक झाड रात्री पांढरे मोठे फूल देते. मग शेजारपाजारचे जमतात, फुलाला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, नवस बोलतात. बंधू-भगिनींनो, ते ब्रह्मकमळ नव्हेच. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेले एक निवडुंग आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले आणि ते कमळही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले झाड आहे. त्याची खरी फुले जांभळट आणि बारीक असतात. त्यांच्याभोवती कागदासारखी पातळ, फिकट पिवळसर पाने पेल्यासारखी मिटलेली असतात. थंडी-वाऱ्यापासून फुलांचे रक्षण करण्याची ती निसर्गाची सोय आहे. त्यात देव नाही की चमत्कार नाही. कारण आहे आणि परिणाम आहे. तथागतांनी हेच शिकवले. फूल सुंदर आहे म्हणून जरूर पाहावे, रात्री जागून मुलांना दाखवावे. पण त्याच्यापुढे नारळ फोडू नये. हिमालयातले ब्रह्मकमळ तर देवळांत वाहण्यासाठी एवढे तोडले जाते की ते वाचवण्याची चिंता करावी लागते.

खोऱ्यात जनावरेही आहेत. हिमबिबट्या, काळे अस्वल, भरल नावाची रानमेंढी, लाल कोल्हा आणि कस्तुरीमृग. मोनाल हा इंद्रधनुष्यासारखा चमकणारा पक्षी तिथे दिसतो. कस्तुरीमृगाला शिंगे नसतात. नराला वर सुळे असतात आणि पोटाजवळच्या ग्रंथीत कस्तुरी असते. त्या एवढ्याशा कस्तुरीसाठी माणसाने या गरीब प्राण्याची किती हत्या केली! बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या संत कबीरांच्या वाणीतही हा कस्तुरीमृग येतो. स्वतःजवळ असलेल्या सुगंधाचा शोध तो रानभर घेत फिरतो. देव बाहेर शोधणाऱ्यांना कबीरांनी हा दाखला दिला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक. २१ जून १९३१ रोजी तो आणि त्याचे साथीदार कामेत या ७,७५६ मीटर उंचीच्या शिखरावर पोचले. तोपर्यंत एवढ्या उंच शिखरावर कोणी चढले नव्हते. त्या पहिल्या तुकडीत लेवा नावाचा शेर्पा होता. दोन दिवसांनी दुसरी तुकडी चढली. तिच्यात केसरसिंह हा पहाडी हमाल होता. परतताना ही मंडळी एक उंच खिंड ओलांडून भ्यूंदार खोऱ्यात उतरली आणि समोर फुलेच फुले पाहून थक्क झाली. १९३७ साली स्माइथ दार्जिलिंगचे शेर्पा सोबत घेऊन पुन्हा आला, राहिला, फुलांचे नमुने आणि बिया गोळा केल्या. १९३८ साली त्याचे ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक निघाले आणि खोऱ्याचे नाव जगभर झाले. १९३९ साली जोन मार्गारेट लेग ही इंग्रज बाई वनस्पती गोळा करण्यासाठी आली. फुले काढताना कड्यावरून तिचा पाय घसरला आणि ती तिथेच मरण पावली. तिची समाधी खोऱ्यात आहे. जाणारे-येणारे तिच्यावर फुले ठेवतात.

स्माइथने कष्ट घेतले, बाई तर जिवानिशी गेली. त्यांचा मान त्यांना दिलाच पाहिजे. पण सांगा, स्माइथ येण्यापूर्वी ते खोरे काय रिकामे होते? खाली पुलना आणि भ्यूंदार ही गावे होती. तिथले मेंढपाळ दर उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांत जात होते. कोणते गवत जनावराला चालते, कोणते मूळ तापावर उगाळतात, कोणत्या झाडाला हात लावू नये, बर्फाचा कडा कधी कोसळतो, हे सगळे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. खोरे कोणी शोधले, याचे खरे उत्तर म्हणून कोणा एकाचे नाव सांगताच येत नाही. ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी ते कधी लिहिले नाही. ज्याने लिहिले त्याचे नाव पुस्तकात गेले.

या खोऱ्यात एक झाड आहे, भोजपत्राचे. त्याची साल कागदासारखी पदरापदराने सुटते. प्राचीन काळी तिच्यावर लिहीत असत. बौद्ध धम्माची आज हाती असलेली सर्वांत जुनी हस्तलिखिते गांधार प्रदेशात सापडली. ती भोजपत्राच्या सालीवरच लिहिलेली आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे टिकली आहेत. साल तीच. ज्यांना लिहिता आले त्यांचा शब्द दोन हजार वर्षे राहिला. त्याच झाडाखाली मेंढ्या राखणाऱ्याचे नाव दोन पिढ्यांतच पुसले गेले. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या पहिल्या आदेशाचे मोल इथे कळते.

गोष्ट इथेच संपत नाही. १९८२ साली सरकारने खोऱ्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले. क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. त्यानंतर तिथे जनावरे चारण्यास बंदी झाली. २००५ साली युनेस्कोने नंदादेवी उद्यानाबरोबर या खोऱ्यालाही जागतिक वारशाचा दर्जा दिला. खोरे वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. हजारो जनावरे चरली असती, लोकांनी मुळ्या खणल्या असत्या तर काय राहिले असते? पण कुरण बंद झाल्यावर मेंढपाळाने जनावरे कुठे न्यावी, हा प्रश्न त्याचा त्यालाच सोडवावा लागला. १९६२ च्या युद्धानंतर या सीमेवरचा तिबेटशी चालणारा जुना व्यापार बंद पडला होता. त्यात भर म्हणून एकेक कुरणही गेले.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी इंग्रज सरकारच्या जंगलखात्याला हेच सुनावले आहे. डोंगर, टेकड्या आणि गायराने जंगलात घातली, आता गरीब शेतकऱ्याच्या शेरडा-करडांनी जावे कुठे, असा त्यांचा सवाल होता. राज्य बदलले, खात्याचा हेतूही बदलला, पण सवाल तसाच आहे. जंगल राखताना जंगलाजवळच्या गरिबाला विचारले काय?

आणि न विचारल्याने जंगलाचाही फायदाच होतो असे नाही. खोऱ्यात ‘अमेला’ नावाचे एक उंच, दाट वाढणारे झुडूप पसरले आहे. त्याच्या सावलीत लहान फुलझाडे गुदमरतात. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, पूर्वी मेंढ्या ते तुडवीत आणि खात, चराई थांबल्यावर ते माजले. दुसरे अभ्यासक म्हणतात, कारण एवढे सोपे नाही. दरडी कोसळून आणि जुन्या काळी जमीन तुडवली जाऊन ते आधीच रुजले होते. वाद मिटलेला नाही. वनखाते मात्र दरवर्षी माणसे लावून अमेला उपटून काढते.

राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी उद्यानात तर याच १९८२ साली गुरांना बंदी घातली गेली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात आढळले की, म्हशी चरेनाशा झाल्याने पाण्यातले गवत माजले आणि पक्ष्यांनाच जागा उरली नाही. आपल्या साताऱ्याच्या कास पठाराला लोक महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणतात. २०१२ साली तेही जागतिक वारशात गेले. तिथेही गर्दी रोखण्यासाठी कुंपण घातले, गुरांची ये-जा थांबली, फुले कमी झाल्याची तक्रार आली आणि शेवटी कुंपण काढावे लागले. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. हे आहे म्हणून ते आहे, हे गेले की तेही बदलते. फूल, मेंढी, मेंढपाळ आणि गवत यांची गाठ एकमेकांशी बांधलेली आहे. एक धागा ओढला की सगळी वीण हलते. म्हणून धागा ओढण्यापूर्वी ज्याने ती वीण आयुष्यभर पाहिली, त्याला विचारावे. एवढेच आपले म्हणणे.

ही डोंगरातली माणसे निसर्गाची शत्रू नाहीत. याच चमोली जिल्ह्यात रैणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा गावातले पुरुष बाहेर होते. गौरादेवी ही भोटिया जमातीची अल्पशिक्षित विधवा गावातल्या सत्तावीस बायका-मुलींना घेऊन पुढे झाली आणि त्यांनी झाडे वाचवली. हेच चिपको आंदोलन. गौरादेवीच्या शेजारच्या लाता गावातील लोकांनी १९९८ साली, नंदादेवीच्या जंगलावरचा आपला हक्क परत मिळावा म्हणून ‘झपटो छीनो’ आंदोलन केले. झाडे वाचवणारी माणसे आणि हक्क मागणारी माणसे वेगळी नाहीत.

डोंगराचे कौतुक करताना आणखी एक गोष्ट विसरू नये. ज्या प्रदेशाला देवभूमी म्हणतात, तिथेही जात आहे. घरे बांधणारे, लोखंड घडवणारे आणि ढोल वाजवणारे तिथले दलित स्वतःला शिल्पकार म्हणवतात. आपल्या लग्नात नवरदेवाला पालखीत बसवण्यासाठी त्यांना कित्येक वर्षे ‘डोला-पालखी’चा लढा द्यावा लागला. १९८० साली अल्मोडा जिल्ह्यातील कफल्टा गावात नवरदेवाच्या पालखीवरून चौदा दलितांना ठार मारले गेले. फुलांच्या प्रदेशातही माणसाने माणसाशी असे वागावे! म्हणूनच आपण फुलांबरोबर माणसांचेही पाहतो.

याच राज्याच्या पश्चिम टोकाला, यमुनेच्या काठी कालसी नावाचे गाव आहे. तिथल्या मोठ्या खडकावर प्रियदर्शी सम्राट अशोकाचे शिलालेख कोरलेले आहेत. पहिल्या लेखात त्याने यज्ञासाठी पशुबळी देण्यास मनाई केली. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची व्यवस्था सांगितली आणि जिथे औषधी वनस्पती नाहीत तिथे त्या आणून लावल्याचे नमूद केले. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने जनावर, झाड आणि माणूस यांचा एकत्र विचार केला. कोणाला हाकलून कोणाला वाचवण्याची भाषा त्यात नाही. फुलांचे खोरे राखायचे ते याच दृष्टीने राखावे.

समाधानाची गोष्ट अशी की, आज भ्यूंदार खोऱ्यातील गावकऱ्यांची समिती वनखात्याबरोबर काम करते. यात्रेकरू आणि पर्यटक टाकतात तो कचरा आणि प्लास्टिक गोळा करून खाली आणण्याचे काम तिने केले आहे. गावकऱ्यांची दुकाने आणि ढाबे त्या वाटेवर आहेत. पाठीवरच्या कंडीत म्हाताऱ्या माणसांना बसवून चढ चढणारे हमालही तिथे आहेत. त्यात नेपाळहून पोटासाठी आलेले पुष्कळ. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाटचा पूल वाहून गेला, भ्यूंदार गावाचे अतोनात नुकसान झाले. पण याच माणसांच्या मेहनतीवर वाट पुन्हा उभी राहिली.

आपल्यापैकी कोणाला जाणे जमले तर खोरे १ जूनपासून ऑक्टोबरअखेर उघडे असते. फुलांसाठी जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट चांगला. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवावेत. खोऱ्यात रात्री राहता येत नाही, संध्याकाळपूर्वी घांघरियाला परतावे लागते. फूल तोडू नये, मूळ उपटू नये, कागदाचा तुकडाही टाकू नये. धम्मपदातल्या पुप्फवग्गात भगवंतांनी मधमाशीचा दाखला दिला आहे, तो ध्यानात ठेवला की वेगळ्या नियमाची गरज नाही. हमालाशी घासाघीस करताना आपले वडीलही कोणाचे तरी ओझे वाहत होते, हे आठवावे.

आणि जाणे जमले नाही तरी बिघडत नाही. एक काम घरी करता येईल. या रविवारी विहारातून आल्यावर मुलांना वही-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसवा. गावाकडे पोट दुखल्यावर कोणता पाला देत, दुष्काळात कोणती रानभाजी खात, कोणत्या झाडाखाली सरपण मिळे, हे तिला विचारा. ती सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा. प्रत्येक औषध आज वापरावेच असे नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. पण ज्ञान लिहिले गेले पाहिजे आणि त्याखाली आजीचे पूर्ण नाव आले पाहिजे. नाही तर उद्या कोणी तरी येईल, तेच पुस्तकात छापील आणि आपलीच नातवंडे त्याचे नाव पाठ करतील.

परीक्षेत मुलाने ‘फ्रँक स्माइथ’ जरूर लिहावे, गुण मिळवावा. घरी आल्यावर मात्र त्याला सांगा : स्माइथने खोरे जगाला दाखवले. ते आधीपासून ज्यांना ठाऊक होते त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बाळा, तू लिहायला शीक.

जयभीम!